बारावीनंतर स्पर्धा परीक्षेची वाट: सोलापुरात राहून पदवीची तीन वर्षं कामी कशी लावायची

बारावीचा निकाल लागला की सोलापुरात दोन सल्ले हमखास कानावर येतात. ‘अधिकारी व्हायचंय ना, मग बीएला घाला, अभ्यासाला वेळ मिळतो,’ हा एक. ‘पदवी काय, कशीही निघते, आत्ताच पुण्याला पाठवा,’ हा दुसरा. दोन्हींत एकच गैरसमज आहे: पदवी म्हणजे अर्जावर लिहायची एक ओळ. प्रत्यक्षात यूपीएससीची मुख्य परीक्षा पहिल्यापासून लेखी उत्तरांची आहे आणि एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून त्याच धर्तीवर वर्णनात्मक झाली आहे. तीन तास बसून नेमकं, मुद्द्याचं लिहिणं हे काम एका वर्षाच्या क्लासमध्ये अंगवळणी पडत नाही. त्याला पदवीची तीन वर्षंच लागतात.

कोणती पदवी घ्यायची

राज्यसेवा आणि यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी चालते. टक्केवारीची अट सहसा नाही, राज्यसेवेतल्या काही मोजक्या पदांना मात्र वेगळी अट असते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवीही तितकीच चालते, त्यामुळे दिवसा दुकानात किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या मुलामुलींसाठी हा मार्ग बंद नाही. वनसेवा, कृषिसेवा, स्थापत्य अभियांत्रिकी सेवा यांना मात्र ठरावीक विषयांची पदवी लागते. ज्याला वनसेवेची ओढ आहे त्याने बारावी सायन्सनंतर ‘सोपं पडेल’ म्हणून शाखा बदलायच्या आधी त्या परीक्षेची मागची जाहिरात डोळ्यांखालून घालावी.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवी तीन किंवा चार वर्षांची आहे. तीन वर्षं पूर्ण करून पदवी घेतली की दोन्ही आयोगांना पुरते. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडल्यावर जे सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा मिळतो, ती पदवी नव्हे. त्यावर या परीक्षांचा अर्ज भरता येत नाही.

विषय निवडताना पुढचा वैकल्पिक विषय नजरेसमोर ठेवा. दोन्ही आयोगांच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे २५० गुणांचे दोन पेपर असतात, म्हणजे लेखीच्या १,७५० पैकी ५०० गुण एकाच विषयाचे. राज्यशास्त्र, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांपैकी जो विषय तुम्ही पदवीला मन लावून तीन वर्षं वाचलाय, तो नंतर आठ महिन्यांत क्लासच्या नोट्सवरून शिकलेल्या विषयापेक्षा केव्हाही भक्कम. आमचं स्पष्ट मत आहे: ‘यंदा अमुक विषयाला मार्क पडतात’ हे ऐकून विषय निवडू नका. सलग दोन तास कंटाळा न येता जो विषय वाचता येतो, तो घ्या. इंजिनीअरिंग किंवा कॉमर्सच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत दोन-तीन विषयांचे मागचे प्रश्न वाचून बघावेत. निर्णय बहुतेक वेळा तिथेच होतो.

परीक्षेचा आराखडा एकदा नीट समजून घ्या

दोन्ही आयोगांचा आराखडा आता सारखाच आहे. पूर्वपरीक्षेत २००-२०० गुणांचे दोन पेपर असतात. पहिला सामान्य अध्ययनाचा, १०० प्रश्नांचा. मुख्य परीक्षेला कोण जाणार ते त्यावर ठरतं. दुसरा सीसॅट, म्हणजे उताऱ्यांचं आकलन आणि गणित-बुद्धिमत्तेचा, ८० प्रश्नांचा. त्यात ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळवून फक्त पास व्हायचं असतं. चुकीच्या उत्तराला यूपीएससी त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश कापते, एमपीएससी एक चतुर्थांश. मुख्य परीक्षेत निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०, वैकल्पिकचे दोन पेपर आणि ३००-३०० गुणांचे दोन भाषेचे पेपर. भाषेचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत, पण तिथे २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर तपासून उपयोग नसतो. मुलाखत २७५ गुणांची. लेखी आणि मुलाखत मिळून २,०२५.

वयाचा हिशोब आधीच करून ठेवा. यूपीएससीला १ ऑगस्ट रोजी किमान २१ वर्षं पूर्ण हवीत. समजा जन्म १५ सप्टेंबर २००५ चा आहे. १ ऑगस्ट २०२६ ला वय २० भरतं, म्हणजे पदवी हातात असली तरी पहिली संधी २०२७ ची. राज्यसेवेला किमान वय १९ आहे, म्हणून अशा विद्यार्थ्याने पहिली खरी परीक्षा एमपीएससीची द्यावी. यूपीएससीची वरची मर्यादा खुल्या गटाला ३२ वर्षं आणि ६ प्रयत्न, ओबीसींना ३५ वर्षं आणि ९ प्रयत्न, अनुसूचित जाती-जमातींना ३७ वर्षं आणि प्रयत्नांना मर्यादा नाही. पूर्वपरीक्षेचा एक जरी पेपर दिला तरी प्रयत्न मोजला जातो. नुसता अर्ज भरून गैरहजर राहिलं तर नाही. ‘अनुभव म्हणून देऊन बघतो’ असं म्हणत खुल्या गटातला मुलगा सहापैकी दोन संधी तशाच घालवतो. तो अनुभव घरी, घड्याळ लावून, मागच्या वर्षीच्या पेपरवर फुकट मिळतो.

पहिलं वर्ष: वाचन आणि टायपिंग

पहिल्या वर्षी क्लास लावायची गरज नाही. सहावी ते बारावीची राज्य मंडळाची आणि एनसीईआरटीची इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्राची पुस्तकं पूर्ण वाचा. एक वाचन साधं, दुसरं वहीत मुद्दे काढत. इथे एक अडचण जवळजवळ प्रत्येकाला येते. यूपीएससीची पूर्वपरीक्षा फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते. मुख्य परीक्षा आणि मुलाखत मराठीत देता येते, पण तिथवर पोचायचा दरवाजा इंग्रजी-हिंदीतच उघडतो. म्हणून पहिल्या दिवसापासून एक जोडवही ठेवा: डाव्या बाजूला इंग्रजी संज्ञा, उजवीकडे मराठी. फिस्कल डेफिसिट म्हणजे राजकोषीय तूट, रेव्हेन्यू डेफिसिट म्हणजे महसुली तूट, ज्युडिशियल रिव्ह्यू म्हणजे न्यायालयीन पुनर्विलोकन. रोज पाच संज्ञा घेतल्या तरी वर्षाला अठराशे होतात. आणि पूर्वपरीक्षेत ‘राजकोषीय’ आणि ‘महसुली’ यांतला घोटाळा होऊन जाणारे दोन गुण वाचतात.

याच वर्षात टायपिंग उरकून घ्या. एमपीएससीच्या गट-क मधल्या लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिटाचं प्रमाणपत्र लागतं, कर सहायक पदाला दोन्ही. तिसऱ्या वर्षी जाहिरात आल्यावर धावपळ केली तर परीक्षा परिषदेची परीक्षा आणि तिचा निकाल यांच्यात अर्जाची तारीख निघून जाते. ‘मला लिपिक व्हायचं नाही’ म्हणून हे सोडू नका. हातात एक शासकीय नोकरी असताना राज्यसेवेचा अभ्यास करणारा उमेदवार घरच्या दडपणाखाली नसतो, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये तो फरक दिसतो. बार्शी तालुक्यातल्या महागावचे रमेश घोलप आधी डी.एड. करून शिक्षक झाले आणि २०१२ च्या तुकडीत आयएएस. पोटापाण्याची सोय आधी करून मग मोठ्या परीक्षेला बसण्यात कमीपणा नाही.

पीएसआय व्हायचं असेल तर अभ्यासाला लागण्याआधी अनवाणी उंची मोजा: पुरुषांना १६५ सेंटिमीटर, महिलांना १५७. शारीरिक अट बसत नाही हे मुख्य परीक्षा पास झाल्यावर कळणं फार जिव्हारी लागतं.

दुसरं वर्ष: लिहायला बसा

सामान्य अध्ययनाच्या एका पेपरमध्ये साधारण २० प्रश्न असतात: दहा गुणांचे दहा, प्रत्येकी १५० शब्दांत, पंधरा गुणांचे दहा, प्रत्येकी २५० शब्दांत. म्हणजे तीन तासांत चार हजार शब्द. दहा गुणांच्या उत्तराला ७ मिनिटं, पंधराच्या उत्तराला ११ मिनिटं, की १८० मिनिटं संपली. विचार करायला वेगळा वेळ धरलेलाच नाही. आणि एका दिवशी असे दोन पेपर असतात. दुपारच्या पेपरला बोटं आखडतात आणि शेवटचे तीन प्रश्न कोरे राहतात. ज्ञान असून गुण जातात ते असे.

उपाय एकच, रोज एक उत्तर. साध्या कोऱ्या कागदावर, घड्याळ लावून. ते कसं लिहायचं हे एका प्रश्नावरून बघू: ‘महाराष्ट्रातील पाणीटंचाई ही पावसाच्या कमतरतेइतकीच वाटपाची समस्या आहे. चर्चा करा.’ शब्द १५०.

कॉलेजच्या सवयीचं उत्तर असं सुरू होतं: ‘पाणी हे जीवन आहे. मानवी जीवनात पाण्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे. महाराष्ट्रात दिवसेंदिवस पाण्याची समस्या गंभीर होत चालली आहे.’ अठरा शब्द आणि एक मिनिट गेलं, आणि परीक्षकाला नवीन काहीच कळलं नाही.

आता सोलापूरच्या मुलाकडे काय आहे ते बघा. रोजच्या पेपरात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ ही बातमी तो लहानपणापासून वाचतोय. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला सुमारे ६३.५ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५ टीएमसी उपयुक्त साठा. बातमीतली टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते, म्हणून धरणात साठाहून जास्त टीएमसी पाणी असतानाही आकडा शून्य दाखवतो. हे नीट समजलेला विद्यार्थी सुरुवात अशी करेल: ‘उजनी धरण शंभर टक्के भरलेल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यातही सोलापूर शहराला काही दिवसांआड पाणी मिळते. म्हणजेच टंचाईचे कारण केवळ पाऊस नाही.’ दोन वाक्यांत भूमिका ठरली. पुढे चार मुद्दे, प्रत्येकी पंचवीस शब्दांत: सिंचनाचं पाणी उसाकडे वळणं, भीमेच्या पात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडताना वाटेत होणारा उपसा आणि बाष्पीभवन, शहरातल्या वितरणातली गळती, आणि दुसऱ्या बाजूने, जिल्हा पर्जन्यछायेत आहे हेही खरं. ‘चर्चा करा’ म्हटलंय म्हणून ही दुसरी बाजू हवीच. ती गाळली की गुण तिथेच अडतात. शेवटच्या वीस शब्दांत एक उपाय, तोही नेमका: ठिबक सिंचन, बंद नळातून पाणी किंवा पाणीवापर संस्था.

हाच धागा इतर पेपरांनाही लावता येतो. गृहनिर्माणावर प्रश्न आला तर कुंभारीजवळची रे नगर वसाहत आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतून विडी कामगार, यंत्रमाग कामगार अशा असंघटित कष्टकऱ्यांसाठी उभी राहिलेली, आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या १५ हजार घरांचं लोकार्पण झालं. जैवविविधतेवर आला तर नान्नजचं माळढोक अभयारण्य: गवताळ माळाला ‘पडीक जमीन’ समजण्याची चूक किती महागात पडते याचं उदाहरण उशाशी आहे. सविनय कायदेभंगावर आला तर १९३० चा सोलापुरातला मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. मात्र हे कोंबायचं नाही. प्रश्नाने उदाहरण मागितलं तरच द्यायचं, आणि आकडा खात्रीचा नसेल तर आकड्याशिवाय लिहायचं.

लिहिलेलं उत्तर दुसऱ्या दिवशी स्वतः तपासा. तीन गोष्टी बघा: प्रश्नात काय करायला सांगितलंय ते केलंय का, पहिल्या दोन वाक्यांत भूमिका आली का, आणि कोणतं वाक्य खोडलं तरी काही बिघडत नाही. ते वाक्य खोडा. महिन्यातून एकदा कॉलेजमधल्या विषयाच्या प्राध्यापकांना चार उत्तरं दाखवा. संगमेश्वर, वालचंद, दयानंद, वेलणकर, कॉलेज कुठलंही असो, लिहून आणलेला कागद समोर ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक परत पाठवत नाहीत. ‘मार्गदर्शन करा’ म्हणून रिकाम्या हाताने गेलं तर मात्र बोलणं हवेतच राहतं.

सीसॅटला हलक्यात घेऊ नका

कला शाखेची मुलं इथे अडकतात, आणि अलीकडे इंजिनीअरही. हिशोब असा: एक प्रश्न अडीच गुणांचा. यूपीएससीला ४० प्रश्न सोडवले, ३० बरोबर आणि १० चूक आले, तर ७५ मधून सुमारे ८.३ गुण कापून ६६.७ उरतात. काठावर पास. तेच २९ बरोबर आणि ११ चूक असतील तर ६३.३, नापास. एका प्रश्नाने वर्ष जातं. म्हणून दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला दोन तास दहावीपर्यंतचं अंकगणित आणि उताऱ्यांचं आकलन. शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, सरासरी, एवढं पक्कं झालं की पुरतं. उतारे इंग्रजीतून वाचायची सवय लावा. हिंदी अनुवादाची भाषा अनेकदा मूळ इंग्रजीपेक्षा अवघड निघते.

तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमातून आलेल्यांसाठी

शहराच्या पूर्वभागातली तेलुगू घरं, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरचा कन्नड पट्टा, उर्दू शाळा. या विद्यार्थ्यांना सहसा कुणी वेगळं सांगत नाही, म्हणून इथे थोडं थांबून सांगतो. यूपीएससीला अनिवार्य भारतीय भाषेचा पेपर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत देता येतो, म्हणजे तेलुगू, कन्नड किंवा उर्दूतही. त्या भाषेचं साहित्य वैकल्पिक विषय म्हणूनही घेता येतं. एमपीएससीला मात्र मराठीचा पेपर अनिवार्य आहे; तिथे पर्याय नाही. बोलायला मराठी अस्खलित असलेली मुलंसुद्धा लेखी मराठीत, विशेषतः ऱ्हस्व-दीर्घ, विभक्ती आणि सारांशलेखनात अडखळतात. पदवीला मराठी हा एक विषय ठेवला तर हा अडथळा तीन वर्षांत आपोआप दूर होतो. यूपीएससीचा भाषेचा पेपर निवडताना बोलता येणारी नाही, तर दोनदोन पानं लिहिता येणारी भाषा निवडा.

कागदपत्रांची फाईल

अभ्यासाइतकंच लक्ष इकडे द्या. अंतिम यादीपर्यंत पोचून कागदावर अडकलेले उमेदवार दरवर्षी असतात.

सगळ्याचा पाया दहावीचं प्रमाणपत्र. त्यावर नाव जसं आहे तसंच आधार, पदवीची गुणपत्रिका, जातीचा दाखला यांवर हवं. सोलापुरात हा प्रश्न जास्त येतो, कारण तेलुगू-कन्नड आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कार्यालयात वेगळं पडतं: कुठे एक ‘एल’, कुठे दोन; कुठे शेवटी ‘यू’, कुठे नाही. पहिल्या वर्षीच सगळे कागद एकमेकांशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, ते सोपं आहे. दहावीच्या प्रमाणपत्रातच चूक असेल तर शाळेमार्फत मंडळाकडे जावं लागतं आणि त्याला महिने लागतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्रातली नोंद आणि विवाह प्रमाणपत्र दोन्ही जपून ठेवावं.

वय-अधिवास, उत्पन्न, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयर हे ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा महा ई-सेवा केंद्रातून काढता येतं. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज पदवीला असतानाच करा. वडिलांचं किंवा चुलत्यांचं वैधता प्रमाणपत्र असेल तर ते जोडा, काम लवकर होतं. नसेल तर आजोबा-पणजोबांचे शाळेचे उतारे शोधण्यातच बराच काळ जातो.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात: राज्याचा दाखला आणि केंद्राचा दाखला वेगळा. एमपीएससीला जो नॉन-क्रिमिलेयर चालतो तो यूपीएससीला चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो. महाराष्ट्रात विजाभज (विमुक्त जाती, भटक्या जमाती) किंवा विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) असे प्रवर्ग आहेत, केंद्रात ते नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर तिथे तुम्ही ओबीसी. नसेल तर खुल्या गटातून अर्ज. ही यादी स्वतः तपासा, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. शिवाय दाखल्यावरची तारीख आणि त्यात धरलेली आर्थिक वर्षं जाहिरातीत दिल्याप्रमाणेच हवीत. अर्जाची मुदत संपल्यावर काढलेला दाखला कितीही खरा असला तरी ग्राह्य धरत नाहीत. ईडब्ल्यूएसच्या (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या) दाखल्यालाही हेच लागू.

तिसरं वर्ष आणि पुण्याचा प्रश्न

अंतिम वर्षाचे विद्यार्थी राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेला बसू शकतात, पण मुख्य परीक्षेच्या अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत पदवी उत्तीर्ण हवी. एटीकेटी राहिली तर पूर्वपरीक्षा पास होऊनही पुढचा अर्ज भरता येत नाही. म्हणून पाचव्या सत्राच्या आत मागचे सगळे विषय काढून टाका. शेवटच्या सत्रात पूर्वपरीक्षेच्या आधीचे साधारण तीन महिने लिखाण कमी करून प्रश्नसंच वाढवा: आठवड्याला दोन पूर्ण पेपर, दोन तासांचे, आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे कारण. माहीत नव्हतं, वाचण्यात चूक झाली की अंदाज लावला? तिसऱ्या प्रकारच्या चुका जास्त असतील तर कमी प्रश्न सोडवून गुण वाढतात.

एप्रिल-मेमध्ये इथला पारा बेचाळीसच्या वर जातो. दुपारी पत्र्याच्या खोलीत बसून अभ्यास होत नाही, नुसती डोकेदुखी होते. अवघड विषय पहाटे पाच ते नऊमध्ये घ्या आणि दुपारी अभ्यासिकेत किंवा वाचनालयात फक्त उजळणी.

पुण्याला जायचं का? पूर्वपरीक्षेसाठी नाही. पहिली पूर्वपरीक्षा पास झाल्यावर मुख्य परीक्षेच्या लेखनसरावासाठी चार-सहा महिने जाणं उपयोगी पडतं, कारण तिथे उत्तरं तपासून देणारी माणसं आणि बरोबरीने लिहिणारे सोबती मिळतात. त्याआधी गेलेल्यांचे पहिले सहा महिने खोली, मेस आणि क्लास बदलण्यात जातात. खर्चाची अडचण असेल तर आधी सरकारी दारं ठोठवा: राज्य सरकारची भारतीय प्रशासकीय सेवा पूर्व प्रशिक्षण केंद्रं, त्यांतलं सोलापूरला जवळचं कोल्हापूरचं, पुण्यात यशदाचं डॉ. आंबेडकर स्पर्धा परीक्षा केंद्र. आणि अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी-विजाभज-विमाप्र यांच्यासाठी महाज्योती. सगळीकडे प्रवेश परीक्षा असते. एकाच वेळी दोन संस्थांचा लाभ मिळत नाही, म्हणून हमीपत्रावर सही करण्याआधी कुठलं विद्यावेतन आणि कुठलं शहर हवंय ते ठरवा.

यूपीएससीचा अर्ज सुटल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच भरा. केंद्रं ‘आधी अर्ज, आधी केंद्र’ पद्धतीने मिळतात, आणि उशीर केला तर पुणे भरून दूरचं शहर वाट्याला येतं. पूर्वपरीक्षेचा पहिला पेपर साडेनऊला असतो आणि अर्धा तास आधी दार बंद होतं. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी सोलापूरहून निघून ही वेळ गाठता येत नाही, म्हणून आदल्या दिवशी दुपारपर्यंत पुण्यात पोचा आणि संध्याकाळी केंद्राचं दार एकदा डोळ्यांनी बघून या. पिशवीत प्रवेशपत्राची छापील प्रत, अर्जात लिहिलेलंच मूळ ओळखपत्र आणि काळ्या शाईची दोन बॉलपेनं. उत्तरपत्रिकेवर निळं पेन चालत नाही.